सिंगापूर एअरलाइन्सचा भारतातला डाव आणि आपलं उजळाईवाडी

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

'कोल्हापूरहून थेट परदेशी विमान कधी' ही चर्चा इथं अधूनमधून निघते आणि धावपट्टीच्या लांबीवर येऊन थांबते. मला त्याहून जवळची, होण्यासारखी गोष्ट मांडायची आहे. उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, बॅग टाकली की ती थेट सिंगापूरला, मेलबर्नला किंवा फ्रँकफर्टला मिळावी. तिकीट एकच असावं. मधलं विमान चुकलं तर पुढची सोय कंपनीनं करावी. यासाठी जंबो जेट उतरायची गरज नाही. गरज आहे ती कंपन्या-कंपन्यांमधल्या करारांची. हे करार कसे होतात, कुठलं गाव त्यात बसतं आणि कुठलं राहून जातं, हे समजायला एका कंपनीची भारतातली वाटचाल बघण्यासारखी आहे: सिंगापूर एअरलाइन्स.

या कंपनीची मूळ अडचण लक्षात घ्या. सिंगापूर म्हणजे एक शहर. देशांतर्गत विमानसेवा नाहीच. आपल्या इंडिगोला कोल्हापूर-हैदराबाद, नागपूर-पुणे असे शेकडो मार्ग घरातच मिळतात, सिंगापूरला एकही नाही. त्यांचा जवळजवळ सगळा धंदा दुसऱ्याच्या प्रवाशांवर चालतो. चेन्नईचा माणूस चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, उतरवायचा आणि तिथून सिडनीला पाठवायचा. अशा कंपनीला वाढायचं तर दुसऱ्या एखाद्या मोठ्या देशात पाय रोवावाच लागतो.

आणि पाय रोवण्यात त्यांनी मारही खाल्लेला आहे. २००० साली त्यांनी ब्रिटनच्या व्हर्जिन अटलांटिकचा ४९ टक्के हिस्सा ६० कोटी पौंडांना घेतला. बारा वर्षांनी तो डेल्टाला विकायचं ठरलं तेव्हा किंमत आली ३६ कोटी डॉलर. २००० मध्येच एअर न्यूझीलंडमध्ये हिस्सा घेतला, पुढच्याच वर्षी ती कंपनी बुडता बुडता सरकारनं वाचवली आणि यांची गुंतवणूक पाण्यात गेली. थायलंडमधली नोकस्कूट २०२० मध्ये बंद पडली. इतकं होऊनही भारताचा नाद त्यांनी सोडला नाही, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

टाटांबरोबर विमान कंपनी काढायचा त्यांचा पहिला प्रयत्न नव्वदच्या दशकातला. १९९७ च्या धोरणानं परदेशी विमान कंपन्यांना भारतीय कंपनीत भांडवल घालायला बंदी केली आणि तो बारगळला. मग वाजपेयी सरकारनं एअर इंडिया विकायला काढली, तेव्हा टाटा आणि सिंगापूर पुन्हा एकत्र आले. विरोध इतका झाला की सप्टेंबर २००१ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सनं अंग काढून घेतलं. सप्टेंबर २०१२ मध्ये परदेशी विमान कंपन्यांना ४९ टक्क्यांपर्यंत परवानगी मिळाली आणि २०१३ मध्ये टाटा ५१, सिंगापूर ४९ अशी 'विस्तारा' ही कंपनी उभी राहिली. ९ जानेवारी २०१५ ला विस्ताराचं पहिलं विमान दिल्लीहून मुंबईला आलं.

त्यातही एक मेख होती. 'पाच-वीस'चा नियम. पाच वर्षं देशात उडवा, वीस विमानं जमवा, मगच परदेशात जा. २०१६ मध्ये पाच वर्षांची अट गेली, वीस विमानांची राहिली. म्हणून विस्ताराचं पहिलं परदेशी उड्डाण ऑगस्ट २०१९ मध्ये झालं, दिल्ली ते सिंगापूर. सहा-सात महिन्यांत कोविड आला.

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली. त्याच वर्षी एअर इंडियाच्या मुख्याधिकारीपदी कॅम्पबेल विल्सन आले. हे गृहस्थ सिंगापूर एअरलाइन्सच्याच स्वस्त कंपनीचे, स्कूटचे, पहिले प्रमुख. २९ नोव्हेंबर २०२२ ला जाहीर झालं की विस्तारा एअर इंडियात विलीन होणार, सिंगापूर आणखी २,०५८.५ कोटी रुपये घालणार आणि मोठ्या झालेल्या एअर इंडियात त्यांचा हिस्सा २५.१ टक्के असणार. १२ नोव्हेंबर २०२४ पासून विस्तारा हे नाव आकाशातून गेलं.

आता हा २५.१ आकडा. पाव हिस्सा आणि वर दशांश एक. आपल्या कंपनी कायद्यात विशेष ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश मतं लागतात. ज्याच्याकडे पाव हिश्शाहून थोडं जास्त आहे, त्याच्या संमतीशिवाय असा ठराव होत नाही. ४९ वरून २५ वर उतरताना सिंगापूरनं नकाराधिकार मात्र हातचा सोडला नाही. छोट्या कंपनीतला मोठा वाटा देऊन मोठ्या कंपनीतला पाव वाटा घेतला, आणि देशातल्या दोनच बलाढ्य गटांपैकी एकाच्या घरात बसले.

दुसरी अर्धी गोष्ट कोडशेअरची. म्हणजे विमान एकाचं, त्यावर तिकीट विकायचा नंबर दोघांचा. ऑक्टोबर २०२४ अखेरीस एअर इंडिया आणि सिंगापूर एअरलाइन्सनं हा करार एकदम फुगवला: भारतातली ११ शहरं आणि परदेशातली ४० ठिकाणं नव्यानं जोडली. सिंगापूरची स्वतःची विमानं भारतात आठ शहरांत येतात: अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, कोची, कोलकाता, मुंबई. त्यापलीकडचा देश त्यांना भागीदाराच्या विमानांतून गाठायचा आहे.

त्या 'पलीकडच्या देशात' आपण आहोत का? माझं म्हणणं असं की आपण त्यांना दिसतच नाही. एअर इंडियाचं विमान उजळाईवाडीला येत नाही. येतात ती इंडिगो आणि स्टार एअरची. आणि त्याहून वाईट म्हणजे कोल्हापूरचा सिंगापूरला जाणारा माणूस रात्री कावळा नाक्यावर ट्रॅव्हल्समध्ये बसतो, पहाटे मुंबईत उतरतो आणि मुंबई-सिंगापूर तिकिटावर उडतो. कंपनीच्या हिशेबात तो मुंबईचा प्रवासी. पुण्याहून गेला तर पुण्याचा, मोपाहून गेला तर गोव्याचा. कराराच्या टेबलावर जो कागद असतो त्यावर कोल्हापूरच्या पुढं शून्य.

यावर काय करता येईल, हे जाणकारांकडून ऐकायचं आहे. फौंड्रीवाले, तिकीट एजंट, परदेशात असलेले कोल्हापूरकर, सगळ्यांनी लिहा.

मंगळवार_पेठ

लई भारी लिवलायसा. शेवटचा परिच्छेद तर काळजाला भिडला. आमच्या गल्लीतनं दर वर्षी दोन-चार पोरं शिकायला भायर जात्यात, एकानं बी कोल्हापूरातनं तिकीट काढल्यालं मला ठावं न्हाई.

शिरोली_फौंड्री

धागाकर्त्यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. आमच्याकडं कास्टिंग बाहेर जातं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित या तिन्ही वसाहतींत असे पुष्कळ कारखाने आहेत. तिकडचा इंजिनिअर ऑडिटला येतो तेव्हा त्याला मुंबईला गाडी पाठवतो. महामार्गाची कामं चालू असताना ही गाडी किती तासांत पोचेल हे कुणी सांगू शकत नाही. पाहुणा थकून येतो, पहिला दिवस वाया जातो. त्याला 'तुझ्या गावात तिकीट काढ आणि कोल्हापूरला उतर' असं सांगता आलं, तर ऑर्डरच्या बोलण्याला बसताना आमची बाजू वेगळी असेल.

मागं एका कंपनीचं तिकीट हैदराबादपर्यंत आणि दुसऱ्या कंपनीचं तिथून पुढं असं वेगवेगळं काढून बघितलं. पहिलं विमान धुक्यानं उशिरा आलं, दुसरं गेलं. पुढच्या कंपनीनं तिकीट रद्द धरलं, पहिलीनं हात वर केले. नवीन तिकिटाचे पैसे आमचेच गेले. तेव्हापासून आमच्या ऑफिसात असा प्रयोग कुणी करत नाही.

तिकीट_खिडकी

बरीच वर्षं तिकिटांच्या धंद्यात आहे, म्हणून थोडं नीट सांगतो.

शिरोलीवाल्यांचं जे झालं ते नियमानं झालं, हेच त्यातलं दुःख आहे. दोन वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळे करार. पहिल्या कंपनीला दुसऱ्या विमानाचं देणंघेणं नाही. एकच तिकीट असेल तर कनेक्शन चुकल्यावर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीवर येते.

एक तिकीट होण्याचे दोन मार्ग. पहिला इंटरलाइन. दोन कंपन्या एकमेकींची तिकिटं आणि बॅगा स्वीकारतात, पण विमानाचा नंबर ज्याचा त्याचाच राहतो. दुसरा कोडशेअर, त्यात नंबरसुद्धा भागीदाराचा लागतो, म्हणजे त्याच्या वेबसाइटवर तुमचं गाव त्याचंच असल्यासारखं दिसतं. कोल्हापूरसारख्या गावाला आधी इंटरलाइन मिळालं तरी पुष्कळ. ते तुलनेनं लवकर होतं, कारण त्यात हिशेबाची वाटणी सोपी असते.

बॅगेबद्दल: जाताना एकाच तिकिटावर बॅग शेवटच्या गावापर्यंत टॅग होऊ शकते, इमिग्रेशन हैदराबाद किंवा मुंबईला. परत येताना मात्र भारतातल्या पहिल्या विमानतळावर बॅग उचलून कस्टममधून जावं लागतं आणि पुन्हा टाकावी लागते. त्यामुळं परतीला मध्ये वेळ जास्त ठेवा.

आता धागाकर्त्यांचा 'आपण दिसत नाही' हा मुद्दा. हे शब्दशः खरं आहे. अमेडियस, सेबर, ट्रॅव्हलपोर्ट अशा यंत्रणांतून एजंट तिकिटं काढतात, आणि त्या बुकिंगची आकडेवारी विमान कंपन्या विकत घेतात. मार्ग आखणारा माणूस 'कुठून निघाला, कुठं पोचला' हा रकाना बघतो. त्याला कावळा नाका दिसत नाही. मुंबईहून काढलेलं तिकीट म्हणजे मुंबईचा प्रवासी, संपला विषय.

सीए_राजारामपुरी

२,०५८ हा आकडा बघून थबकलो. एप्रिल २०१३ मध्ये अबुधाबीच्या एतिहादनं जेट एअरवेजचा २४ टक्के हिस्सा घेतला, तेव्हाची रक्कमही २,०५८ कोटी होती. निव्वळ योगायोग. पण दोन्ही व्यवहार शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

एतिहादचा हिस्सा आला त्याच सुमारास भारत-अबुधाबी हवाई करारात आठवड्याला ३६,६७० जागा वाढल्या. आधी होत्या १३ हजारांच्या आसपास. जेटची विमानं भारतातल्या गावागावांतून अबुधाबीला प्रवासी नेऊ लागली, आणि तिथून एतिहादची विमानं युरोप-अमेरिकेला. जेटला मुंबई-दिल्लीत स्वतःचं मोठं केंद्र उभं करायचं होतं, तो विचार मागं पडला. १७ एप्रिल २०१९ ला जेट थांबली. कर्ज, महागलेलं इंधन, एअर सहाराची खरेदी, कारणं पुष्कळ होती, सगळा दोष एतिहादवर टाकता येणार नाही. पण भागीदार हिस्सा घेतो तेव्हा त्याला तुमच्या कंपनीत रस आहे की तुमच्या प्रवाशांत, हे तपासावं लागतं.

सिंगापूरच्या बाबतीत मी अजून निकाल देणार नाही. २०२४-२५ मध्ये त्यांनी विक्रमी नफा दाखवला, सुमारे २७८ कोटी सिंगापूर डॉलर. त्यातले जवळपास ११० कोटी विस्ताराच्या विलीनीकरणामुळं आलेला कागदोपत्री लाभ होता, रोकड नव्हे. लगेच पुढच्या सहामाहीत नफा ६८ टक्क्यांनी घसरून २४ कोटींच्या आत आला. व्याजाचं उत्पन्न घटलं हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे एअर इंडियाच्या तोट्यातला त्यांचा वाटा आता त्यांच्या ताळेबंदात येतो. पाकिस्तानचं आकाश एप्रिल २०२५ पासून एअर इंडियाला बंद, जूनमध्ये अहमदाबादची भीषण दुर्घटना. भागीदारी म्हणजे हेसुद्धा वाटून घेणं.

गडहिंग्लजचा_नाना

मला एक मूलभूत शंका. आपण आपले प्रवासी सिंगापूरला का द्यायचे? चांगी भरायला? दुबईनं वर्षानुवर्षं हेच केलं. आपला माणूस लंडनला जाताना दुबईत उतरतो, तिथं खरेदी करतो, तिकिटाचे पैसे एमिरेट्सला. भारतीय कंपन्यांनी स्वतःच लांबची विमानं उडवावीत, कोल्हापूरला त्यातून जोडावं. परक्याच्या भागीदारीसाठी आपण इतकं उत्सुक का?

पंचगंगाकाठ

नाना, शंका रास्त आहे आणि सरकारही याच बाजूनं विचार करतंय. १९४४ च्या शिकागो परिषदेपासून आंतरराष्ट्रीय विमानसेवा दोन देशांच्या करारावर चालते. कुणाच्या किती जागा, कुठल्या शहरांत, हे त्यात ठरतं. भारत-दुबई करारात प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६६ हजार जागा आहेत, २०१४ पासून तेवढ्याच. दुबईनं वाढवून मागितल्या, दिल्लीनं दिल्या नाहीत, कारण तुम्ही म्हणताय तेच: हे प्रवासी दुबईत थांबत नाहीत, पुढं जातात.

पण म्हणूनच हिस्सा घेतलेल्या भागीदाराचं गणित वेगळं होतं. एमिरेट्सचा भारतात एक रुपयाचा हिस्सा नाही. दिल्ली-मेलबर्न थेट विमान भरलं तर एमिरेट्सचं नुकसानच. सिंगापूरचंही चांगीवरून जाणारं गिऱ्हाईक त्यात जातं, पण त्या थेट विमानाच्या नफ्यात त्यांचा पाव वाटा आहे. दोन्हीकडून त्यांना काहीतरी मिळतं. आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड चांगीवरून, युरोप-अमेरिका दिल्ली-मुंबईवरून, अशी वाटणी त्यांच्या आणि आपल्या दोघांच्या हिताची आहे. भूगोल तिथं मदतीला येतो. सिंगापूर आपल्या पूर्वेला आहे, लंडनला जायला कुणी उलटं पूर्वेला जाणार नाही. दुबई मात्र बरोबर वाटेवर आहे.

भारतीय कंपन्यांनी लांबची विमानं उडवावीत, यात माझं दुमत नाही. एअर इंडियानं फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी जाहीर केली ती त्यासाठीच. पण जगातल्या प्रत्येक गावी आपलं विमान जाणार नाही. पर्थला, ऑकलंडला, सुराबायाला भागीदारच लागतो.

चांगीवाला

मूळचा रंकाळ्याकडचा, सध्या सिंगापुरात. एक बाजू राहिली ती सांगतो.

सिंगापूरच्या गटाची दोन नावं आहेत. मोठी शहरं सिंगापूर एअरलाइन्सला, लहान शहरं स्कूटला. स्कूट अमृतसर, कोइमतूर, तिरुचिरापल्ली, तिरुवनंतपुरम, विशाखापट्टणम इथं जाते. तिरुचिरापल्लीचं विमान बघा, कायम भरलेलं. इथं राहणाऱ्या तमिळ लोकांचं ते घरचं विमान आहे.

हे होऊ शकलं याचं एक कारण भारताचंच धोरण. आसियान, म्हणजे आग्नेय आशियातल्या, देशांच्या कंपन्यांना भारतानं १८ पर्यटन ठिकाणी जागांच्या मर्यादेशिवाय उड्डाणांची मुभा दिली होती. त्यात तिरुचिरापल्ली आहे, विशाखापट्टणम आहे, अमृतसर आहे. महाराष्ट्रातलं एकच नाव त्यात आहे, औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. वेरूळ-अजिंठ्यामुळं. पण मुभा असूनही सिंगापूरचं विमान तिथं गेलं नाही. कागदावरचा हक्क पुरत नाही, जाणारा माणूस दिसावा लागतो. तिरुचिरापल्लीचा माणूस दिसतो कारण तो तिथूनच तिकीट काढतो. धागाकर्त्यांच्या मुद्द्याला हा माझा पुरावा समजा.

पुण्यातला_करवीरकर

पुण्याचा अनुभवही जोडून घ्या. विस्तारानं डिसेंबर २०२२ मध्ये पुणे-सिंगापूर थेट विमान चालू केलं. कोल्हापूर, सांगली, सातारा सगळ्यांची सोय झाली होती. विलीनीकरणानंतर ते एअर इंडियाकडं आलं आणि जून २०२५ मध्ये एअर इंडियानं उड्डाणं कमी केली तेव्हा बेंगळुरू-सिंगापूरबरोबर पुणे-सिंगापूरही काही काळासाठी थांबवलं. मोठ्या कंपनीला ओढाताण झाली की कडेचे मार्ग आधी कापले जातात. पुणं जर कडेला पडत असेल तर कोल्हापूरनं एकाच गटावर भिस्त ठेवू नये.

एटीआर_७२

इतकी चर्चा झाली पण मुख्य गोष्टीकडं कुणी वळत नाही. आपल्याकडं कोण येतं? इंडिगो. एटीआर म्हणजे पंख्याचं छोटं विमान, ७८ जागा, हैदराबाद आणि बेंगळुरू. मग आपल्यासाठी सिंगापूर-एअर इंडियापेक्षा इंडिगोचे सोयरे महत्त्वाचे नाहीत का?

मोजा. टर्किश एअरलाइन्सशी कोडशेअरचा करार २०१८ चा. कतार एअरवेज २०१९. एअर फ्रान्स आणि केएलएम २०२१. क्वांटास २०२२. व्हर्जिन अटलांटिक २०२३. जपान एअरलाइन्स २०२४. मग मलेशिया एअरलाइन्स. १ जून २०२५ ला, दिल्लीत जागतिक विमान संघटनेची वार्षिक सभा भरली होती तेव्हा, डेल्टा, एअर फ्रान्स-केएलएम, व्हर्जिन आणि इंडिगो अशी चौघांची भागीदारी जाहीर झाली. महिन्याभरात इंडिगोची मुंबई-मँचेस्टर आणि मुंबई-अॅमस्टरडॅम विमानं सुटली, भाड्यानं घेतलेल्या बोइंग ७८७ वर.

इंडिगोनं परदेशी विमान कंपनीला हिस्सा दिला नाही. हात मात्र बऱ्याच जणांशी मिळवला. सिंगापूरची पद्धत लग्नाची असेल तर ही गावकीची. गावकीत कोल्हापूरसारख्याला जागा लवकर मिळते, कारण इंडिगोला आपलं एटीआर भरायचंच आहे.

तिकीट_खिडकी

एटीआरशी सहमत. त्यात हैदराबादचा एक फायदा धरा. तिथं देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय एकाच इमारतीत आहे. बेंगळुरूला इंडिगोची देशांतर्गत विमानं टर्मिनल १ ला आणि परदेशी विमानं टर्मिनल २ ला. वयस्कर माणसांना हा फरक फार जाणवतो. आईवडिलांना मुलांकडं पाठवणारे पहिलं हेच विचारतात की मध्ये किती चालायचं, कुणाला विचारायचं.

अडचण वेळेची आहे. आग्नेय आशियाची विमानं आपल्याकडून बहुतेक रात्री उशिरा सुटतात. कोल्हापूरचं विमान दुपारी हैदराबादला पोचलं तर माणूस सात-आठ तास बसून राहतो. संध्याकाळी सुटणारं एक विमान मिळालं तर सगळं चित्र बदलेल. रात्री उतरायची सोय झाल्यावर हे मागणं अवास्तव राहिलेलं नाही. मार्च २०२४ मध्ये नवीन टर्मिनल झालं, त्यामुळं बसायला जागा नाही असंही कुणी म्हणू शकत नाही.

शिरोली_फौंड्री

स्टार एअर विसरू नका. घोडावत गट आपल्या अतिग्र्याचा. मुंबईला त्यांचं विमान आहे, ७६ जागांचं एम्ब्राएर त्यांच्याकडं आहे, पुढं बिझनेस क्लासच्या १२ खुर्च्या. मुंबईतून परदेशी जाणाऱ्याला त्यांच्या तिकिटावर पुढचं तिकीट जोडून मिळालं तर आमच्या पाहुण्यांचा प्रश्नच सुटतो. मोठ्या कंपनीला लहान कंपनीबरोबर इंटरलाइन करायला काय अडतं?

तिकीट_खिडकी

पैसे आणि शिस्त, दोन्ही. भागीदार लहान असेल तर मोठी कंपनी विचारते: तुझं विमान उशिरा आलं तर माझा प्रवासी हॉटेलात कोण ठेवणार? तुझी तपासणी, तुझे सुरक्षेचे दाखले, तुझी तिकीट यंत्रणा माझ्याशी बोलते का? या सगळ्याला खर्च येतो. समोर प्रवासी किती ते आकड्यात दिसलं तर खर्च करायला तयार होतात. पुन्हा तिथंच आलो.

गडहिंग्लजचा_नाना

पंचगंगाकाठ यांचं उत्तर पटलं, भूगोलाचा मुद्दा विशेष. माझ्या भागातली माणसं बेळगावच्या सांबऱ्याला जातात किंवा आंबोलीवरून मोपाला. तेसुद्धा कोल्हापूरच्या खात्यात कधी येत नाहीत. चंदगड, आजरा, गडहिंग्लज धरून बघा, मग कळेल किती माणूस बाहेर जातंय.

मंगळवार_पेठ

५ जानेवारी १९३९ ला राजाराम महाराजांच्या काळात ह्यो विमानतळ सुरू झाला. त्या टायमाला देशात किती गावांत विमानतळ हुतं? त्या गावाचं नाव कंपनीच्या कागदावर नसावं, हे मला सहन हुत न्हाई. काय करायचं ते ठरवा, माणसं गोळा करायचं काम माझ्याकडं.

पंचगंगाकाठ

मग ठरवूया. सगळ्यांचं वाचून मला तीन मागण्या दिसतात. इंडिगोकडं: हैदराबादचं संध्याकाळचं विमान, आणि परदेशी भागीदारांच्या करारांत कोल्हापूरचा कोड, म्हणजे केएलएच. स्टार एअरकडं: मुंबईतून पुढं जाणाऱ्या निदान एका मोठ्या कंपनीशी इंटरलाइन, मग ती एअर इंडिया असो वा दुसरी कुणी. पुण्याचा करवीरकर म्हणतो तसं एकाच दारात उभं राहायचं नाही. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्‌घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि डिसेंबरात तिथून विमानं सुटू लागली. मुंबईत कोल्हापूरच्या विमानाला सोयीची वेळ मिळत नाही ही जुनी तक्रार आहे, तिच्यावर तिथं तोडगा निघू शकतो. हेही मागायला हवं, आणि आत्ताच, जागा रिकाम्या आहेत तोवर.

पण मागणीपत्राच्या आधी आकडे. कंपनीचा माणूस भावनेनं हलत नाही आणि हलूही नये. औद्योगिक वसाहतींतल्या संघटनांनी आपापल्या सभासदांकडून मागच्या वर्षीचे परदेश प्रवास गोळा करावेत. एजंटांनी कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीच्या गिऱ्हाइकांची मुंबई-पुणे-गोव्याहून काढलेली परदेशी तिकिटं मोजावीत. नावं नकोत, फक्त संख्या. हुपरीचे चांदीवाले, इचलकरंजीचे यंत्रमागवाले, परदेशात शिकणाऱ्या मुलांचे पालक, सगळे त्यात यावेत.

तिकीट_खिडकी, तक्त्यात कुठले रकाने ठेवायचे ते तुम्ही सांगाल का?

तिकीट_खिडकी

सांगतो. प्रवाशाचा पिनकोड. प्रत्यक्ष कुठून विमान धरलं. शेवटचं ठिकाण कुठलं. महिना. जाताना आठवड्यातला वार. इकॉनॉमी की बिझनेस. कामासाठी, शिक्षणासाठी की घरच्यांना भेटायला. तिकीट किती दिवस आधी काढलं. आणि शेवटी एक प्रश्न: कोल्हापूरहून एकच तिकीट असतं तर किती जास्त दिले असते? हा शेवटचा रकाना रिकामा ठेवू देऊ नका, मार्ग आखणारा माणूस सगळ्यात आधी तोच वाचतो.

राजारामपुरी, शाहूपुरी आणि गांधीनगरच्या एजंटांशी मी बोलतो. शिरोलीकडचं तुम्ही बघा.

शिरोली_फौंड्री

बघतो. आमच्या वसाहतीतल्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत विषय घेतो. गोकुळ शिरगाव आणि कागलचं कोण घेतंय, त्यांनी इथंच खाली लिहा.